भाव कुणाचा? क्रिप्टोचं अॅप करताना एपीआय निवडण्याविषयी

(या भागातल्या बोलण्याचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

मागच्या भागानंतर जे मेसेज आले, त्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. "दादा, क्रिप्टोचे भाव दाखवणारं अॅप करायचंय, कुठला एपीआय घेऊ?" विचारणारे बहुतेक आपल्या संभाजीनगरचेच. कुणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कुणी वाळूजला नाहीतर चिकलठाण्याला नोकरी करून रात्री स्वतःचं काहीतरी जमवतोय. या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येतं. मीही एकदा स्वतःला तसंच एका ओळीत उत्तर दिलं होतं, गूगलवर पहिला आला तो एपीआय घेतला होता. त्यातून काय झालं ते पुढे सांगतो. त्यामुळे आज जरा सावकाश.

आणि आधीच एक सांगून टाकतो. क्रिप्टो घ्या किंवा घेऊ नका, याबद्दल मी इथे काही बोलणार नाही. तो सल्ला देण्याइतका मी शहाणा नाही. आपण फक्त त्या आकड्याबद्दल बोलू, जो तुमच्या अॅपच्या पडद्यावर दिसणार आहे आणि ज्यावर कुणीतरी विश्वास ठेवणार आहे.

तर आधी मोंढ्यात जाऊ. जाधववाडीच्या बाजार समितीत आज सोयाबीन काय भावाने गेलं, असं तुम्ही विचारलं तर उत्तरात एक आकडा येत नाही, तीन येतात. किमान, कमाल आणि सर्वसाधारण. शिवाय शेजारी आवक लिहिलेली असते, किती क्विंटल माल आला. लातूरचा भाव वेगळा, जालन्याचा वेगळा. शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. "लातूरला अमुक भाव निघाला" हे ऐकून तो आपला माल जाधववाडीत त्याच भावाने जाईल असं गृहीत धरत नाही. आवक दहा क्विंटलची असेल तर कमाल भावाला किती किंमत द्यायची, हेही त्याला कळतं.

बिटकॉइनचं अगदी तसंच आहे. "बिटकॉइनचा भाव" अशी एकच गोष्ट जगात कुठे ठेवलेली नाही. प्रत्येक एक्स्चेंज ही वेगळी बाजार समिती. कॉइनगेको, कॉइनमार्केटकॅप यांच्यासारख्या सेवा या सगळ्या एक्स्चेंजचे भाव गोळा करतात आणि जिथे उलाढाल जास्त त्याला जास्त वजन देऊन सरासरी काढतात. म्हणजे तुम्ही एपीआयकडे भाव मागता तेव्हा तुम्हाला मिळतं ते कुणीतरी ठरवलेलं सर्वसाधारण. कुठल्या बाजार समित्या धरायच्या, कुठल्या वगळायच्या, हे त्यांनी ठरवलेलं असतं.

यात काय मोठं, असं वाटेल. तर ८ जानेवारी २०१८ ची गोष्ट ऐका. कोरियातल्या एक्स्चेंजवर तेव्हा भाव बाकी जगापेक्षा बरेच चढे होते. कॉइनमार्केटकॅपने ती एक्स्चेंज सरासरीतून काढून टाकली. निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही, पण आधी नीट सांगितलं नाही. झालं काय, की साइटवर बऱ्याच कॉइन्सचे भाव एकदम पडलेले दिसले, रिपल तर फारच. बाजारात काही घडलेलं नव्हतं, हिशेबाची पद्धत बदलली होती. पण लोकांना पडदा लाल दिसला आणि घबराट झाली. विचार करा, त्या दिवशी तुमचं अॅप तोच एपीआय वापरून लोकांना नोटिफिकेशन पाठवत असतं, "तुमचा पोर्टफोलिओ इतका टक्के घसरला", तर?

उलाढालीचंही तसंच. मार्च २०१९ मध्ये बिटवाइज नावाच्या कंपनीने अमेरिकेच्या एसईसीपुढे एक अहवाल ठेवला. त्यांचं म्हणणं होतं की एक्स्चेंज बिटकॉइनची जी उलाढाल जाहीर करतात, तिच्यातली जवळपास ९५ टक्के खोटी किंवा निरर्थक आहे. स्वतःच विकायचं, स्वतःच घ्यायचं, आकडा फुगवायचा. त्यानंतर या सेवांनी गाळणी बरीच सुधारली. पण म्हणून तर एपीआय घेताना मी पहिली गोष्ट बघतो ती ही, की सरासरी कशी काढता ते त्यांनी लिहून ठेवलंय का. नसेल लिहिलं तर मी पुढे जातच नाही. मालकी कुणाची तेही बघा. कॉइनमार्केटकॅप एप्रिल २०२० मध्ये बायनान्सने विकत घेतलं, म्हणजे भाव सांगणारा आणि बाजार चालवणारा एकाच घरातले. कॉइनगेको २०१४ पासून मलेशियातून चालतं, स्वतंत्रपणे. मालकीवरून कुणी खोटं ठरत नाही. पण सराफाच्या दुकानातला तराजू सराफाचाच असतो, एवढं लक्षात असू द्यावं.

आता माझी चूक.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी मित्रमंडळींपुरतं एक छोटं अॅप केलं होतं. आपल्याकडे कुठली कॉइन किती आहेत ते टाकायचं, अॅप एकूण किंमत रुपयांत दाखवणार. तीसेक जण वापरायचे, सगळे ओळखीतले. मी कॉइन ओळखायला त्याचं चिन्ह वापरलं होतं. बीटीसी, ईटीएच, लुना. सोपं पडतं, लक्षात राहतं.

त्या वर्षी मे महिन्यात टेरा कोसळलं, तुम्हाला आठवत असेल. एप्रिलमध्ये शंभर डॉलरच्या वर असलेलं लुना काही दिवसांत एका पैशाच्याही खाली गेलं. २८ मेला त्याच लोकांनी नवीन साखळी सुरू केली. नव्या कॉइनने 'लुना' हे नाव घेतलं आणि जुनं झालं 'लुना क्लासिक', चिन्ह एलयूएनसी. नव्याचा भाव डॉलरांत, जुन्याचा डॉलरच्या दहा हजाराव्या हिश्श्यात.

माझ्या अॅपच्या डेटाबेसमध्ये मात्र 'लुना' तसंच होतं. एपीआयने लुनाचा भाव दिला, नव्या लुनाचा, आणि माझ्या कोडने तो जुन्या कॉइनच्या संख्येने गुणला.

वाळूजला एका कारखान्यात काम करणारा एक मुलगा होता, माझ्या मावसभावाचा दोस्त. त्याच्याकडे दोनशेच्या आसपास जुनी लुना. मे महिन्यात त्याने सगळं गेलं म्हणून सोडून दिलं होतं. जुलैमध्ये त्याने माझं अॅप उघडलं आणि त्याला बत्तीस हजार रुपये दिसले. त्याने मला फोन केला तो आनंदाने. "दादा, सगळं नाही बुडालं, बत्तीस हजार हायेत अजून." धाकट्या बहिणीच्या अॅडमिशनला देतो म्हणून तो घरी बोलूनही बसला होता. मी लॅपटॉप उघडला, पाच मिनिटांत कळलं काय झालंय ते. खरी किंमत दोन रुपयेसुद्धा होत नव्हती. त्याला परत फोन करायला मला अर्धा तास लागला. एपीआयने काहीच चुकीचं सांगितलं नव्हतं. मी विचारलं एकाबद्दल आणि लावलं दुसऱ्याला.

तर, चिन्हावरून कधीही कॉइन शोधू नका. चिन्हं कुणाच्या मालकीची नसतात, एकाच चिन्हाची चार-चार कॉइन असतात आणि नावं बदलतात. मॅटिकचं २०२४ मध्ये पॉल झालं, तेही आपल्याकडच्या बऱ्याच लोकांच्या खात्यात होतं. प्रत्येक चांगल्या एपीआयमध्ये कॉइनला स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक किंवा आयडी असतो. कॉइनगेकोत जुन्या लुनाचा आयडी 'टेरा-लुना' असा आहे आणि नव्याचा 'टेरा-लुना-२'. डेटाबेसमध्ये तो साठवा. टोकन असेल तर साखळीचं नाव आणि कॉन्ट्रॅक्टचा पत्ता साठवा, तो सगळ्यात पक्का. ज्या एपीआयला चिन्हाशिवाय दुसरं काही कळतच नाही, तो शाळेच्या प्रोजेक्टपुरता ठीक.

पुढचा मुद्दा रुपयाचा. बरेच एपीआय भाव रुपयांत देतात आणि आपण खूश होतो. पण तो रुपयातला भाव बहुतेक वेळा डॉलरचा भाव गुणिले डॉलर-रुपया विनिमय दर असा काढलेला असतो. भारतातल्या एक्स्चेंजवर खरोखर जो रुपयात सौदा होतो, तो वेगळा. आपल्याकडे यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेलं कॉइन, बँकेतल्या डॉलरपेक्षा बहुतेकदा महागच मिळतं. त्यामुळे अॅपमधला रुपया आणि एक्स्चेंजवरचा रुपया यांत दोन-चार टक्क्यांचं अंतर सहज पडू शकतं. माणूस कॉइनडीसीएक्सवर विकणार असेल तर त्याला कॉइनडीसीएक्सचा भाव दाखवा, त्यांचा सार्वजनिक एपीआय आहे, भाव बघायला की लागत नाही. जागतिक सरासरी शेजारी बारीक अक्षरात द्या.

आणि भाव म्हणजे हातात येणारा पैसा नव्हे, हे तर वझीरएक्सने सगळ्यांनाच दाखवून दिलं. १८ जुलै २०२४ ला त्यांच्या वॉलेटमधून साधारण तेवीस कोटी डॉलरचा माल चोरीला गेला आणि पैसे काढणं बंद झालं. त्यानंतर कित्येक महिने पोर्टफोलिओ अॅपमध्ये लोकांच्या त्या खात्यातल्या कॉइन्सची किंमत जागतिक भावाने वर-खाली होत राहिली. उलट नंतर बाजार चढला तेव्हा ती वाढलीसुद्धा! मी तेव्हा माझ्या अॅपमध्ये एक रकाना वाढवला, 'कुठे ठेवलंय'. आणि तिथून पैसे निघत नसतील तर ती रक्कम एकूण बेरजेत धरायची नाही, खाली वेगळी दाखवायची. हा काही एपीआय देत नाही, हे आपलं आपल्यालाच करावं लागतं.

आता कर. इथे एपीआयची निवड खऱ्या अर्थाने महाग पडते, म्हणून जरा थांबतो.

१ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर उपकर. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएसही कापला जातो. आता एखाद्याने बिटकॉइन देऊन इथर घेतलं. रुपया कुठेच आला नाही, पण करासाठी त्या क्षणी त्याची रुपयांत किंमत किती होती हे लागतं. म्हणजे तुम्हाला जुना भाव हवा. आजचा भाव सगळेच फुकट देतात. जुना भाव फुकट देणारे कमी.

उस्मानपुऱ्यात ऑफिस असलेल्या, ओळखीच्या एक सीए मॅडम आहेत. त्यांच्याकडे अशी क्रिप्टोवाली पोरं यायला लागली तेव्हा त्यांनी मला हिशेबाचा तक्ता करून द्यायला सांगितलं. मी कॉइनगेकोच्या मोफत योजनेवर सुरू केलं. छान चाललं. मग अडकलं, कारण मोफत योजनेत मागच्या ३६५ दिवसांचाच इतिहास मिळतो. वरवर एक वर्ष म्हणजे पुरेसं वाटतं. पण हिशेब करा. आपण रिटर्न साधारण जुलैमध्ये भरतो, ते मार्चला संपलेल्या वर्षाचं. त्या वर्षाच्या एप्रिलमधला व्यवहार जुलै उजाडेपर्यंत पंधरा महिने जुना झालेला असतो. म्हणजे आर्थिक वर्षाचे पहिले तीन-चार महिने नेमके हातातून निसटतात. मॅडमनी विचारलं, "अरे, एप्रिल-मेचे सगळे रकाने रिकामे का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यावर दोन उपाय. एक, पैसे देऊन वरची योजना घ्यायची. दुसरा, ज्या एक्स्चेंजवर व्यवहार झाला त्याच्याच सार्वजनिक एपीआयवरून जुन्या कँडल घ्यायच्या. बायनान्स कित्येक वर्षं मागच्या, अगदी एक मिनिटाच्या कँडल विनामूल्य देतं. पण त्या यूएसडीटीत असतात, रुपयाचा दर तुम्हाला वेगळा लावावा लागतो, आणि कुठला दर लावला हे तक्त्यात लिहावं लागतं. मॅडमचं म्हणणं सरळ होतं. कुठलाही दर लाव, पण वर्षभर एकच लाव, आणि विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. मी आता प्रत्येक भावाशेजारी तो कुठून घेतला आणि किती वाजताचा आहे हे साठवतो. डेटाबेस थोडा फुगतो, फुगू दे.

वेळेचं तर विचारूच नका. जवळपास सगळे एपीआय यूटीसी वेळ देतात. त्यांचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. १ एप्रिलला पहाटे तीन वाजता कुणी सौदा केला, आणि क्रिप्टोवाले पहाटे तीनलाच जागे असतात, तर यूटीसीप्रमाणे ती ३१ मार्चची रात्र, साडेनऊ वाजलेले. तुमच्या कोडने तारीख तशीच उचलली तर व्यवहार मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसला! २०२२ मध्ये त्या एका तारखेने कराचा नियमच बदलत होता. शिवाय काही एपीआय वेळ सेकंदांत देतात, काही मिलिसेकंदांत. ते मिसळलं तर तारीख एकदम १९७० ची नाहीतर हजारो वर्षं पुढची येते, ती निदान लगेच दिसते तरी.

इतिहास मागताना तो किती बारीक मिळतो तेही बघा. कॉइनगेकोत नव्वद दिवसांपर्यंतचा टप्पा मागितला तर ताशी भाव येतात, त्यापेक्षा लांबचा मागितला तर दिवसाला एकच. म्हणजे वर्षाचा डेटा एकदम मागितला की सोय होते आणि अचूकता जाते. नव्वद-नव्वद दिवसांचे तुकडे करून मागायचं.

आता मर्यादा. फुकट योजनेत मिनिटाला ३० आणि महिन्याला १०,००० वेळा विचारता येतं, मी वापरतो त्यात असं आहे. हे आकडे कंपन्या बदलत राहतात, तुम्ही नोंदणी कराल त्या दिवशी त्यांच्या पानावर वाचा. पण गणित बघा. तीस दिवसांच्या महिन्यात मिनिटं ४३,२००. तुमचं अॅप दर मिनिटाला एकदा भाव विचारत असेल तर एकटा एक फोन सातव्या दिवशी महिन्याचा कोटा संपवतो. पन्नास फोन असतील तर मिनिटाला ३० ची मर्यादा पहिल्याच मिनिटात ओलांडली, खेळ खलास. मग येतो ४२९ चा एरर आणि तुमच्या कोडमध्ये "एरर आला की लगेच पुन्हा विचार" असं लिहिलेलं असतं, म्हणजे आगीत तेल.

म्हणून फोनने थेट एपीआयला विचारायचंच नाही. मध्ये तुमचा स्वतःचा छोटा सर्व्हर ठेवा. तो दर पाच मिनिटांनी एकदा, सगळ्या कॉइन्सचे भाव एकाच विनंतीत मागवेल. महिन्याला ८,६४० विनंत्या, कोट्यात बसतात. फोन तुमच्या सर्व्हरला विचारतील, मग ते पन्नास असोत नाहीतर पाच हजार. पाच मिनिटं जुना भाव चालतो का? पोर्टफोलिओला चालतो, कराला चालतो. ट्रेडिंगला नाही चालत, तिथे एक्स्चेंजचं वेबसॉकेट घ्यावं लागतं, तो वेगळा धंदा आहे. पण मला विचारणाऱ्या दहापैकी नऊ जणांना मिनिटाचा भावसुद्धा लागत नाही. आकडा सतत हलताना बघायला छान वाटतं, एवढंच.

सर्व्हरचा दुसरा फायदा म्हणजे की अॅपमध्ये ठेवावी लागत नाही. एपीके उघडून आतली की काढणं हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही जमतं. भाव बघायची की चोरीला गेली तर कोटा जाईल. पण काही जण युजरची एक्स्चेंजची की घेतात, शिल्लक आपोआप दाखवायला. तिथे खेळ नाही. डिसेंबर २०२२ मध्ये थ्रीकॉमाज नावाच्या सेवेतून सुमारे एक लाख कीज बाहेर फुटल्या आणि लोकांच्या खात्यांतून परस्पर सौदे झाले. घ्यायचीच असेल तर फक्त वाचण्याची परवानगी असलेली की घ्या. सौदा करण्याची किंवा पैसे काढण्याची परवानगी असलेली की कुणी टाकली तर तुमच्या अॅपने ती नाकारली पाहिजे, नुसती सूचना देऊन भागत नाही.

दशांशाबद्दल थोडक्यात. बिटकॉइनला आठ दशांश, इथरला अठरा. एक इथर त्याच्या सगळ्यात लहान एककात लिहिलं तर एकोणीस आकडी संख्या होते आणि जावास्क्रिप्टचा साधा नंबर सोळा आकड्यांच्या पुढे भरवशाचा राहत नाही. बायनान्स भाव मजकूर म्हणून पाठवतं, नंबर म्हणून नाही, ते याचसाठी. तुम्हीही तो तसाच घ्या आणि दशांश लायब्ररीत घाला. दुसरी गंमत शिबा इनूसारख्या कॉइनची. भाव पैशाच्याही अंशात. दोन दशांश दाखवले की पडद्यावर शून्य. आणि काही एपीआय असा भाव '८.५ ई उणे ६' अशा रूपात पाठवतात. कुणी तो मजकूर समजून पुढची अक्षरं कापली की उरतं ८.५, म्हणजे माणूस रातोरात करोडपती. हसू नका, एका हॅकेथॉनमध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि परीक्षकांच्या लक्षातही आलं नाही.

मराठी अॅप करणाऱ्यांसाठी एक जाताजाता. लोकेल मराठी ठेवलं की आकडे आपोआप देवनागरीत आणि लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसह येतात. दिसतात सुंदर. पण तोच मजकूर परत वाचून बेरीज करायला गेलात तर कोड फसतो. दाखवायचं वेगळं, साठवायचं वेगळं.

एपीआय बंद पडला, किंवा खोटं बोलला तर काय, हेही आधीच ठरवा. १४ डिसेंबर २०२१ ला कॉइनमार्केटकॅपवर काही तास भाव असे काही चढले होते की लोकांच्या खात्यांवर अब्जावधी डॉलर दिसत होते, कॉइनबेसच्या अॅपमध्येही. सौदे त्या भावाने होत नव्हते, फक्त पडद्यावर दिसत होतं. माझ्याकडे आता साधा नियम आहे. दोन वेगळ्या ठिकाणांहून भाव घ्यायचा, दोघांत पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आकडा करडा करायचा आणि खाली "भाव तपासतोय" असं लिहायचं. पाच टक्के का? छोट्या कॉइन्सना तेवढा फरक सहज असतो, बिटकॉइनला दोनही पुरतील.

त्याहून वाईट म्हणजे थांबलेला भाव. तो चुकीचा दिसत नाही. लुना कोसळत होतं तेव्हा चेनलिंकने लुनाचा भाव पाठवणं थांबवलं, शेवटचा आकडा दहा सेंटच्या आसपास अडकला. बाजारात लुना त्याच्या कितीतरी खाली गेलं होतं. व्हीनस नावाची कर्ज देणारी सेवा तोच अडकलेला भाव खरा धरून चालली आणि लोकांनी स्वस्तातली लुना तारण ठेवून एक कोटीहून जास्त डॉलरचा माल उचलला. म्हणून एपीआय प्रत्येक भावाबरोबर "शेवटचं कधी बदललं" हे देतो का, ते बघा. देत असेल तर ते पडद्यावर दाखवा. देत नसेल तर तो एपीआय नको.

आणि सेवा कायमची जातेही. एफटीएक्सने ११ नोव्हेंबर २०२२ ला दिवाळखोरी जाहीर केली, त्यांच्या एपीआयवर उभी असलेली कितीतरी साधनं तिथेच संपली. कॉइनडेस्कचा तो जुना, की न लागणारा बिटकॉइनचा पत्ता, जो निम्म्या यूट्यूब ट्युटोरियलमध्ये अजून आहे, तोही आता चालत नाही. दर महिन्याला कुणीतरी मला त्याचा एरर पाठवतं. आपल्याकडे आणखी एक धोका आहे. २८ डिसेंबर २०२३ ला एफआययूने बायनान्ससह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटीस काढली, जानेवारीत त्यांची अॅप भारतातल्या स्टोअरमधून गेली. बायनान्स पुढे दंड भरून, नोंदणी करून परत आलं. पण मधल्या काळात जो एकाच परदेशी दुकानावर अवलंबून होता त्याचे हाल झाले. म्हणून कोडमध्ये भाव आणणारा भाग वेगळा ठेवा, असा की एका संध्याकाळी पुरवठादार बदलता येईल.

शेवटचा मुद्दा तांत्रिक नाही. एपीआयच्या यादीत हजारो कॉइन आहेत. सगळी दाखवायची का?

गेनबिटकॉइन आठवतंय ना? पुण्यात गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य सूत्रधार अमित भारद्वाजला अटक केली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशभरात साठाहून जास्त ठिकाणी झडत्या घेतल्या, म्हणजे प्रकरण अजून मिटलेलं नाही. अठरा महिने, दर महिन्याला दहा टक्के परतावा, तोही बिटकॉइनमध्ये, असं आश्वासन होतं. नंतर बिटकॉइन द्यायचे वांधे झाले तेव्हा त्यांनी स्वतःचंच एक कॉइन काढलं, एमकॅप, आणि लोकांना त्यात परतफेड केली. कागदावर एमकॅपला भाव होता. तो भाव कुणी ठरवला होता, आणि त्या भावाने घेणारा बाहेर कुणी होता का?

म्हणून माझ्या अॅपमध्ये, जे कॉइन एकाच एक्स्चेंजवर चालतं, त्याचा भाव बेरजेत धरला जात नाही. कॉइनगेको प्रत्येक बाजाराबद्दल सांगतं की भाव विसंगत वाटतोय का, शिळा झालाय का, आणि त्या एक्स्चेंजवर किती भरवसा ठेवावा. या खुणा बहुतेक लोक वाचतच नाहीत, कारण उत्तरात त्या खाली कुठेतरी असतात. मी त्या आधी वाचतो. यावर मला शिव्याही पडल्यात. "माझ्या कॉइनची किंमत तुझं अॅप शून्य का दाखवतं" म्हणून एक गृहस्थ टीव्ही सेंटरहून थेट माझ्याकडे आले होते. मी त्यांना चहा पाजला आणि म्हटलं, काका, ते कॉइन आता इथे, माझ्यासमोर विकून दाखवा, मी लगेच आकडा बदलतो. ते तासभर प्रयत्न करत बसले. आकडा बदलावा लागला नाही. ते काही चिडून गेले नाहीत, पण चहा मात्र अर्धाच घेतला.

तर सध्या माझं असं चाललंय. रोजच्या भावाला कॉइनगेकोची मोफत योजना, पाच मिनिटांनी एकदा, खाली त्यांचं नाव लिहून, कारण मोफत योजनेची ती अट आहे. पडताळणीला एक्स्चेंजचा सार्वजनिक एपीआय. रुपयाला भारतीय एक्स्चेंज. कराच्या तक्त्यासाठी सीए मॅडम तीन महिने पैसे देऊन वरची योजना घेतात, मे ते जुलै, आणि ऑगस्टमध्ये बंद करतात. कॉलेजच्या प्रोजेक्टला यातलं निम्मंही लागणार नाही, एक मोफत की आणि आयडीवरून शोध एवढं पुरे. पण तुमच्या घरच्यांनी जरी ते अॅप वापरायला घेतलं, तर त्या दिवसापासून बाकीचं लागेल.

वाळूजचा तो मुलगा अजून अॅप वापरतो. मध्यंतरी त्याने मला एक स्क्रीनशॉट पाठवला, जुन्या लुनाची ओळ. किंमत रुपये एक, पैसे बेचाळीस. खाली लिहिलं होतं, "बरोबर हाय का दादा आता?" मी दोन ठिकाणी तपासलं आणि मग हो म्हणून कळवलं.